उतारवयातील तोल आणि व्यायाम

वय झाले म्हणजे माणूस पडायचाच, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. तोल सांभाळणे ही शरीराची एक क्षमता असून योग्य सरावाने ती उतारवयातही वाढविता येते.

डोळे, अंतर्कर्ण आणि तळपाय, सांधे व स्नायू यांच्याकडून येणाऱ्या संवेदनांचा मेळ मेंदू घालतो आणि त्यानुसार पायांचे स्नायू शरीर सावरतात. वयोमानाप्रमाणे या संवेदना मंदावतात, स्नायूंचे बळही घटते. मग ओल्या न्हाणीत पाय घसरला किंवा उंबरठ्याला अडखळला, तर खुब्याचे हाड मोडण्याचा धोका असतो. इजा किरकोळ झाली तरी मनात भीती बसते. चालणे कमी होते, पाय अधिक दुबळे होतात आणि पुन्हा पडण्याचा संभव वाढतो.

सन २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात १०८ चाचण्यांचा विचार करण्यात आला. व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होते, असे त्यातून दिसून आले. नुसत्या चालण्याने हा लाभ होतो, असे मात्र सिद्ध झालेले नाही. तोलाची थोडी कसोटी पाहणारे व्यायामच त्यासाठी हवेत. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी असे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे.

यास साधनांची गरज नाही. भक्कम खुर्चीवरून सावकाश उठावे व बसावे. भिंतीचा आधार घेऊन टाचा उचलाव्यात. एका पावलापुढे दुसरे पाऊल टाचेला चवडा टेकवून ठेवावे व दहा सेकंद उभे राहावे. पुढे एका पायावर उभे राहण्याचा सराव करावा. प्रथम दोन्ही हातांचा, नंतर एका हाताचा, मग केवळ बोटांचा आधार घ्यावा. जवळ कोणीतरी असावे. चक्कर येणाऱ्यांनी, हृदयविकार असणाऱ्यांनी किंवा नुकतेच हाड मोडलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. सराव थांबला की लाभही ओसरतो. म्हणून सातत्य महत्त्वाचे.

एकट्याने सातत्य टिकविणे अवघड जाते. यासाठी ग्रामपंचायतीने समाजमंदिर किंवा शाळेचे पटांगण ठरावीक वेळी उपलब्ध करून द्यावे. शिक्षकांनी हे व्यायाम विद्यार्थ्यांना दाखवावेत, म्हणजे घरी आजी-आजोबांजवळ उभे राहणारे कोणीतरी असेल. वृद्धांना जपणे म्हणजे त्यांना एका जागी बसवून ठेवणे नव्हे. त्यांचे पाय त्यांच्या हुकमतीत राहतील, अशी व्यवस्था करणे होय.