रेघ कुठे गाळायची

चि. राणी हिस,


व्हर्मीरच्या 'गर्ल विथ अ पर्ल इअरिंग'ची प्रत करायला घेते आहेस, हे वाचून फार आनंद झाला. सुमारे १६६५ सालचं हे चित्र हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. आकार जेमतेम ४४.५ बाय ३९ सेंटिमीटर, पण चेहरा रंगवणाऱ्याला त्यात वर्षभर पुरेल एवढं शिक्षण आहे. माझं एकच सांगणं : चित्र दिसतं तसं उतरवू नकोस, ते ज्या क्रमाने घडलं, त्या क्रमाने घडव.

व्हर्मीरने आधी तपकिरी आणि काळ्या छटांत उजेड-सावली मांडून घेतली, रंग नंतर चढवले. तूही अंडरपेंटिंग टर्पेंटाइनमध्ये पातळ कर आणि पूर्ण वाळू दे. वरच्या थरांत जवसाचं तेल थोडं थोडं वाढवत जा. तेलकट थर सावकाश वाळतो. त्यावर कमी तेलाचा थर दिलास तर पुढे भेगा पडतात. व्हर्मीरचा पांढरा रंग शिशाचा होता, विषारी. तू टायटॅनियम व्हाइट वापर.

मग चेहरा नीट बघ. नाकाचा कणा आणि पलीकडचा गाल यांच्यामध्ये रेघच नाही. दोन्हीकडे जवळपास एकच उजळ रंग, तरी नाक दिसतं. तिथे रेघ ओढायला तुझा हात शिवशिवेल, तो आवर. मोत्याचंही तसंच. वर पांढऱ्याचा एक ठसठशीत ठिपका, खाली कॉलरचं मंद प्रतिबिंब, बस्स. कानात अडकवायची कडीसुद्धा रंगवलेली नाही.

पार्श्वभूमी मात्र डोळे झाकून काळी करू नकोस. तिथे हिरवा पडदा होता, हे संशोधनातून दिसलं आहे. निळीचा आणि एका पिवळ्या वनस्पतिज रंगाचा पारदर्शक थर काळाने फिका पडला. प्रत्येक ठिकाणी विचार, हे चित्रकाराने केलं की काळाने?

प्रत मूळ आकाराची करू नकोस, आणि मागे 'व्हर्मीरवरून' असं स्पष्ट लिही.

ती पुरी झाली की तुझ्या आईला खिडकीपाशी बसव आणि याच क्रमाने तिचा चेहरा रंगव. तिथे कोणती रेघ गाळायची, हे सांगायला व्हर्मीर नसेल. तुझं तुला ठरवावं लागेल. प्रत करायची ती त्यासाठीच.

तुझी,
आत्या