उसातील बिबट्या : सवयी व सावधगिरी

पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर या तालुक्यांत पाटपाण्याबरोबर उसाचे क्षेत्र वाढले आणि त्याबरोबर बिबट्याही शिवारात राहू लागला. रानात झाडीझुडपांमुळे त्याला जो आडोसा लाभतो, तोच दाट उसात मिळतो. पाणी जवळ असते व कुत्री, शेळ्या, वासरे हे भक्ष्य सहज सापडते. त्याच्या सवयी जाणून घेतल्यास हानी पुष्कळ अंशी टाळता येते.

बिबट्या बहुधा एकटा राहतो. दिवसा तो दडून बसतो व अंधार पडल्यावर हिंडतो. दबा धरून तो जवळून झडप घालतो. मादी सुमारे तीन महिन्यांनी विते व तिला बहुधा दोन किंवा तीन पिल्ले होतात. ही पिल्ले दीड ते दोन वर्षे आईबरोबर राहतात.

बिबट्या पकडून दूरच्या जंगलात सोडला की भय संपते, असा समज आहे. अनुभव याच्या उलट आहे. जुन्नर भागात २००१ नंतर असे बिबटे स्थलांतरित केले असता, माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ झाले. परक्या मुलखात सोडलेले जनावर बिथरते, तर रिकाम्या झालेल्या जागी दुसरा बिबट्या येतो.

म्हणून पुढील दक्षता घ्यावी :

१. गोठा चारही बाजूंनी व वरून बंदिस्त असावा. बिबट्या उंच कुंपण सहज ओलांडतो.

२. मुलांना दिवेलागणीनंतर उसाच्या कडेला एकटे पाठवू नये. रात्री पाणी धरण्यास दोघांनी मिळून, बत्ती घेऊन व बोलत जावे.

३. मेलेली जनावरे गावाजवळ उघड्यावर टाकू नयेत. त्यांवर कुत्री जमतात व कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

४. तोडणीच्या वेळी फडात पिल्ले आढळल्यास काम थांबवावे, त्यांना हात लावू नये व वनरक्षकास त्वरित कळवावे. पिल्ले त्याच जागी राहिल्यास आई बहुधा रात्री येऊन त्यांना नेते.

५. बिबट्या दिसल्यास गर्दी करून त्याला घेरू नये. पळण्यास वाट मिळाली तर तो सहसा निघून जातो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये बिबट्याला मारणे हा गुन्हा आहे. जनावर दगावल्यास ते जागेवरून न हलविता वनखात्याकडून पंचनामा करून घ्यावा, म्हणजे भरपाई मिळण्यास अडचण येत नाही. ग्रामसेवकांनी तोडणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच ही माहिती वाडीवस्तीवर व ऊसतोड मजुरांच्या तळावर समजावून द्यावी.