खेळांतील आगगाडी व रुळांचें माप

आगगाडी हें मुलांचें आवडतें खेळणें खरें. परंतु तिचा नीट संग्रह करूं लागल्यास तो अभ्यास होतो, हें आमच्या वाचकांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. चावी देऊन चालणारी पत्र्याची गाडी वडील मंडळींस ठाऊक असेल. तिच्या मापाचें खऱ्या गाडीशीं कांहींच नातें नसे. संग्राहकाची गाडी मात्र प्रमाणांत घडविलेली असते. असल्या गाड्या चालतांना पाहावयाच्या असतील, तर पुण्यास कोथरुडांत जोशी यांचें छोट्या रेल्वेचें संग्रहालय इ. स. १९९८ पासून आहे. पालकांनीं सवडीनें मुलांस तेथें न्यावें.

या छंदांत १ : ८७ हें प्रमाण फार रूढ आहे. त्यांत रुळांमधील अंतर १६·५ मि. मी. असतें. यास ८७ नें गुणिलें असतां सुमारें १४३५ मि. मी. येतात, हें माप युरोपांतील बहुतेक रेल्वेचें होय. आपल्या रुंद मार्गाचें माप १६७६ मि. मी., म्हणजे खेळांत सव्वाएकोणीस. तेव्हां बाजारांतील रुळांवर आपली गाडी ठेविली, तर ती अरुंद पायांवर उभी राहते! नांदेडास निजामाच्या काळीं आलेला मार्ग मीटर मापाचा होता. त्यास साडेअकरा मि. मी. लागतील.

लातूरचा हिशेब याहून मनोरंजक आहे. बार्शी लाइट रेल्वेचे रूळ अवघे ७६२ मि. मी. अंतराचे, भागाकार ८·७६ येतो. याहून लहान प्रमाणाच्या गाड्यांकरितां ९ मि. मी. चे रूळ तयार मिळतात. तफावत पाव मिलिमीटरच्या आंत! म्हणजे बार्शीच्या गाडीची प्रतिकृति आपण हातानें घडवूं शकलों, तर ती त्या रुळांवर शोभून दिसेल. ही गाडी इ. स. १८९७ मध्यें बार्शी रोडहून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून, बार्शीस सुरू झाली व १९११ सालीं लातुरास पोहोंचली. तिचे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनीं प्रत्येक आंसावरील भार पांच टनांवर जाऊं दिला नाहीं. त्यामुळें हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेतां आला. पुढें मार्ग रुंद झाला आणि २००८ पर्यंत लातूर-कुर्डुवाडीची ती छोटी गाडी गेली. आज तिचें चालणें पाहण्यास प्रतिकृतीवांचून उपाय नाहीं.

तिचीं तिकिटें तरी घरांत सांपडतील काय? जुनें पुठ्ठ्याचें तिकीट सुमारें ५७ मि. मी. लांब व ३० मि. मी. रुंद असे, आणि यंत्रांत दाबून त्यावर तारीख उमटवीत. परंतु प्रवास संपतांच तें फाटकावर परत घेत. म्हणून आजोबांच्या ट्रंकेंत एखादें निघालें, तर तें विसरून राहिलेलें समजावें. सामानाची पावती किंवा वेळापत्रक मिळण्याचा संभव अधिक. मात्र रेल्वेच्या हद्दींतून खिळा, दिवा, पाटी असें कांहींही उचलूं नये; इ. स. १९६६ च्या कायद्यानें रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणें हा गुन्हा आहे.

तिकीट मिळालेंच, तर तें डिंकानें वहींत चिकटवूं नये. पाठीवरील छाप झांकला जातो. कागदाच्या लहानशा पाकिटांत ठेवून, कोणीं, कोठून कोठें व कशासाठीं प्रवास केला, हें बाजूस लिहावें. आजी-आजोबा आहेत, तोंच तें विचारून घ्यावें.