वृद्धांची शुश्रूषा आणि घरातील एक वही

अहवालातील ताळेबंद व रुग्णसंख्येचे तक्ते यांच्या जोडीला एखादा माहितीपर लेख असावा, हा आपल्या न्यासाचा जुना प्रघात आहे. या वर्षी घरातील वृद्धांच्या शुश्रूषेविषयी लिहिण्याचे काम विश्वस्त मंडळाने माझ्याकडे सोपविले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. रोगनिदानाविषयी लिहिण्याचा मला अधिकार नाही. तथापि रुग्णालयाचा कारभार व आवारातील ज्येष्ठ नागरिक निवासाची व्यवस्था सांभाळताना जे दिसले, आणि त्याहून अधिक म्हणजे स्वतःच्या घरी जे चुकले, ते सांगण्यास हरकत नसावी.

२०१७ साली माझ्या आईचे वय ७८ वर्षे होते. तिला रक्तदाबाचा विकार होता व गावाकडील डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅमलोडिपिनची गोळी ती नियमित घेत असे. ती आमच्याकडे राहावयास आल्यावर मी तिला शहरातील दुसऱ्या डॉक्टरांना दाखविले. त्यांनी दिलेल्या गोळीचे नाव निराळे होते, वेष्टनाचा रंगही निराळा. आई दोन्ही गोळ्या घेऊ लागली. औषध एकच होते. कंपन्या दोन होत्या. काही आठवड्यांतच तिच्या घोट्यांवर सूज आली. ती पाहून तिसऱ्या डॉक्टरांनी लघवी वाढविणारी गोळी दिली. आधीच्या दोन्ही चिठ्ठ्या त्यांना दाखवाव्यात, हे माझ्या लक्षात आले नाही. त्या गोळीमुळे आईला रात्री तीन-चार वेळा उठावे लागे. अशाच एका रात्री ती न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडली व तिचे खुब्याचे हाड मोडले.

शस्त्रक्रियेपूर्वी आमच्या विभागातील एका ज्येष्ठ परिचारिकेने आईची औषधांची पिशवी पलंगावर रिकामी केली, पट्ट्यांच्या मागची बारीक अक्षरे वाचली आणि मला एवढेच विचारले, "साहेब, हे तुम्ही पाहिलं नव्हतं का?"

हिशेबशास्त्रात एक चूक दुसऱ्या चुकीने झाकली जाते, तेरीज जुळते आणि कोणालाच शंका येत नाही. तेरीज जुळली म्हणजे कीर्द बरोबर असे नव्हे, हे मी कनिष्ठ लिपिकांना वर्षानुवर्षे शिकवीत आलो. घरी मात्र एका गोळीचा दोष दुसऱ्या गोळीने झाकला जात असताना मी रोज सकाळी स्वतःच्या हाताने त्या गोळ्या आईसमोर ठेवीत होतो. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. आई पुढे चार वर्षे वॉकर घेऊन चालली. परंतु एकटीने अंगणात जाऊन तुळशीला पाणी घालण्याचा तिचा क्रम कायमचा सुटला.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. अ‍ॅमलोडिपिन हे उपयुक्त व सर्वत्र वापरले जाणारे औषध आहे. घोट्यांवरील सूज हा त्याचा परिचित दुष्परिणाम असून मात्रा वाढली की ती येण्याचा संभवही वाढतो. हा लेख वाचून कोणीही आपली गोळी परस्पर बंद करू नये. नवे लक्षण दिसले की ते नव्या आजाराचे आहे की जुन्या औषधाचे, हा प्रश्न डॉक्टरांना विचारावा, एवढेच सांगावयाचे आहे.

या अनुभवातूनच निवासामध्ये दरमहा औषधांच्या पिशव्या तपासण्याचा उपक्रम सुरू झाला व अहवाल वर्षातही तो खंड न पडता चालला. निवासातील मंडळी व त्यांचे कुटुंबीय जवळ असलेली सर्व औषधे घेऊन येतात. डॉक्टर व औषधनिर्माते ती मेजावर मांडून पाहतात. पिशव्यांतून काय काय निघते ते पाहण्यासारखे असते. मुदत संपलेले डोळ्यांचे थेंब, शेजारणीने दिलेल्या गुडघेदुखीच्या गोळ्या, फार पूर्वी थोड्या दिवसांसाठी दिलेली व अजूनही चालू असलेली झोपेची गोळी. वेदनाशामक गोळ्यांपैकी अनेक गोळ्या रक्तदाब वाढवितात व मूत्रपिंडावर ताण आणतात, हे ती प्रेमाने देणाऱ्या शेजारणीस कोठून ठाऊक असणार?

ज्या घरी वृद्ध माणूस आहे त्या घरी एक साधी दोनशे पानी वही असावी. पहिल्या पानावर औषधाचे मूळ नाव, कंपनीचे नाव नव्हे; मात्रा, वेळ, कोणी दिले व कशासाठी दिले. पुढे रोजची नोंद दोन ओळींत करावी : झोप, आहार, शौच, चक्कर, पडणे. पडूनही इजा झाली नाही, तरी ती नोंद टाळू नये. दर महिन्याला वजन लिहावे. रक्तदाब बसून व उभे राहून, असा दोन्ही वेळा मोजता आला तर उत्तम. उभे राहताच तो उतरत असेल तर रात्रीचे पडणे तेथेच दडलेले असते. अशा व्यक्तीने अंथरुणातून उठताना पलंगाच्या कडेला क्षणभर बसून मगच पाय टेकावेत. न्हाणीघराच्या वाटेवर रात्रभर दिवा असावा. विजेच्या देयकाची काटकसर येथे करू नये.

वहीचा खरा उपयोग होतो तो अचानक बदल घडला असता. काल बरोबर बोलणारी आजी आज नातवंडांस ओळखेनाशी झाली, तर "वयोमानाने चालायचेच" असे म्हणून स्वस्थ बसू नये. लघवीतील जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी वा सोडियम कमी होणे किंवा नव्याने सुरू झालेले औषध यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. त्याच दिवशी रुग्णालयात आणावे व वही सोबत आणावी.

आता माझ्या प्रांतातील दोन गोष्टी. बँकेचे खाते वेळीच संयुक्त करावे. आजारपणामुळे सही करता येत नसेल, तर दोन साक्षीदारांसमक्ष, ज्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असतो, अंगठा घेऊन पैसे काढण्याची तरतूद आहे, ती मागावी. मुखत्यारपत्रावर मात्र फार विसंबू नये. ते करून देणाऱ्याची आकलनशक्ती नाहीशी झाली की ते निरुपयोगी ठरते, हे पुष्कळांना फार उशिरा कळते. घर मुलांच्या नावे करावयाचे असल्यास सांभाळ करण्याची अट दस्तातच लिहावी; २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे संरक्षण मिळण्यास ती उपयोगी पडते. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारत योजना लागू झाली, ही समाधानाची गोष्ट. परंतु तिच्यातून रुग्णालयातील उपचारांचा खर्च भागतो, घरी ठेवलेल्या आयाबाईंचा पगार नव्हे.

आईच्या आजारपणात तिचे अंग पुसणे, दर दोन तासांनी कूस बदलणे, उठवून बसवून भरविणे हे सारे माझ्या पत्नीने केले. मी औषधे आणीत असे व आल्यागेल्यास प्रकृती सांगत असे. भेटीस येणारे मलाच "थकलात हो" म्हणत. पत्नीच्या कंबरेचे दुखणे मला समजले ते शेजारच्या वहिनींकडून, तेही दोन महिन्यांनी. म्हणून वहीत एक रकाना शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीसाठीही राखावा : रात्री किती तास झोप झाली आणि या आठवड्यात घराबाहेर किती वेळ जाता आले. हा रकाना घरातील दुसऱ्या कोणीतरी भरावा; ती स्वतः कधीच भरणार नाही.

निवासातील दोन खोल्या अशा कुटुंबांसाठी आठ-पंधरा दिवसांच्या मुक्कामाकरिता राखून ठेवल्या आहेत. गेल्या वर्षी एक गृहिणी सासूबाईंना तेथे ठेवून माहेरच्या लग्नाला जाऊन आल्या. परतल्यावर आपण त्यांना टाकून तर गेलो नाही ना, असे त्या मला विचारीत होत्या. सासूबाई त्या वेळी बाहेर व्हरांड्यात पत्ते खेळत होत्या व डाव अर्धा असल्याने लगेच घरी जाण्यास त्यांची तयारी नव्हती.

औषधांची तपासणी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी बाह्यरुग्ण विभागात विनामूल्य होते. निवासाबाहेरील कुटुंबांनीही यावे. पिशवीत केवळ गोळ्या नव्हे, तर मलमे, थेंब, काढे व चूर्णेही आणावीत, आणि कृपया गोळ्या पट्टीतून काढून डबीत भरून आणू नयेत.