शब्दांची ओळख : 'बॉलपार्क' आणि आपला 'अंदाज'



"वाढदिवसाला किती मुले येणार? बॉलपार्क सांग." असे वाक्य आपल्या घरांत सहज ऐकू येते. आईबाबा तो शब्द ऑफिसातून आणतात, मुले शाळेतून. या वेळी तो कुठून आला ते पाहू आणि त्याच्यासाठी मराठीत कोणते शब्द आहेत तेही शिकू.

शब्द कुठला?

बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचे मैदान. अमेरिकेत 1950-60 च्या सुमारास हा शब्द हिशेबाच्या बोलण्यात आला. आकडा नेमका नाही, पण मैदानाच्या हद्दीत आहे, फार लांब गेलेला नाही, असा त्याचा अर्थ. आपल्यापैकी बहुतेकांनी खेळ पाहण्याआधी शब्दच ऐकला. नोव्हेंबर 2023 मध्ये मात्र दुबईच्या आंतरराष्ट्रीय क्रिकेट स्टेडियमवरच बेसबॉलचे दोन सामने झाले. ते भरवणाऱ्या लीगमध्ये 'मुंबई कोब्राज' नावाचा एक संघही आहे!

मराठीतला 'अंदाज'

बॉलपार्कला मराठीत सर्वांत जवळचा शब्द 'अंदाज'. गंमत अशी, की त्याचाही संबंध फेकण्याशीच आहे. फारसी भाषेत 'अंदाख्तन' म्हणजे फेकणे. त्यावरून 'अंदाज' झाला. तीर फेकणारा तो तिरंदाज. तोफेचा गोळा फेकणारा तो गोलंदाज. मराठ्यांच्या सैन्यात गोलंदाज तोफेपाशी असे. आज तो चेंडू घेऊन धावत येतो. दगड फेकण्यापूर्वी आपण नजरेने अंतर मापतो ना? तसेच आकड्याचे. म्हणून 'अंदाज बांधणे' आणि 'गोलंदाज' हे एकाच घरातले शब्द आहेत.

सरकार वर्षाच्या जमाखर्चाचा जो आराखडा करते, त्याला 'अंदाजपत्रक' म्हणतात. 'अर्थसंकल्प' हा त्याचाच दुसरा शब्द.

समानार्थी शब्द : सारखे, पण अगदी सारखे नव्हेत

1. सुमारे : फारसी 'शुमार' म्हणजे मोजणी. दुबईहून अबुधाबी सुमारे 140 किलोमीटर. आकडा थोडा कमी किंवा थोडा जास्तही असू शकतो. 'बेसुमार' म्हणजे मोजता न येण्याइतके. पण 'सुमार दर्जाचे' म्हटले की ती निंदा होते, हे लक्षात ठेवा.

2. जवळजवळ : आकड्याला पोचत आले, पण पूर्ण पोचले नाही. जवळजवळ शंभर म्हणजे 95-98. एकशे पाच नव्हे. शाळेत अरबी शिकणाऱ्या मुलांना 'तक्रीबन' हा शब्द माहीत असेल. त्याच्या मुळाशीही 'करीब', म्हणजे जवळ, हाच भाव आहे.

3. अदमासे, अजमासे : जुन्या वळणाचे शब्द. आजी-आजोबांच्या तोंडी हमखास. 'बळ अजमावणे' म्हणजे ताकद किती ते पाहणे.

4. ढोबळमानाने : बारीकसारीक सोडून मोठा हिशेब. "ढोबळमानाने अर्धा खर्च घरभाड्याचा."

5. दहाएक, पन्नासेक : आकड्याला 'एक' जोडला की तो सैल होतो. दहाएक माणसे म्हणजे नऊ, दहा किंवा बारा.

6. दोन-चार, दहा-बारा, पाच-पंचवीस : आकड्यांच्या जोड्या. 'दोन-चार दिवस' म्हणणारा पाहुणा आठवडाभर राहिला, तर मराठीत त्याला खोटे पाडता येत नाही!

नेमके कुठे, अंदाज कुठे?

22 एप्रिल 1998 रोजी शारजात सचिन तेंडुलकरने 143 धावा काढल्या. हा धावफलकावरचा आकडा; तिथे 'दीडशेएक' म्हटलेले चालणार नाही. पण "त्या दिवशी स्टेडियमवर किती गर्दी होती?" याला अंदाजच लागतो. उत्तर अंदाजाचे असेल, तर तसे सांगणे हा प्रामाणिकपणा आहे. 'सुमारे' हा छोटा शब्द ते काम करतो.

सावधान! नजरअंदाज

हिंदीत 'नजरअंदाज करना' म्हणजे दुर्लक्ष करणे. मुले तोच अर्थ मराठीत आणतात. पण महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने 'नजरअंदाज पैसेवारी' म्हटले, तर अर्थ जवळजवळ उलटा, म्हणजे नीट नजरेने पाहून केलेला अंदाज.

पैसेवारी म्हणजे काय? चांगल्या वर्षीचे पूर्ण पीक म्हणजे रुपया, असे धरायचे आणि यंदा त्यातले किती पैसे पीक आले ते ठरवायचे. 1957 मध्ये दशमान नाणी येण्यापूर्वी हिशेब सोळा आण्यांत होई, म्हणून जुना शब्द 'आणेवारी'. आधी शेते पाहून नजरअंदाज पैसेवारी काढतात. नंतर निवडक शेतांतले पीक कापून, वजन करून अंतिम पैसेवारी ठरते. ती 50 पैशांहून कमी आली, तर गावाला टंचाईच्या सवलती मिळू शकतात. जमीन महसुलात सूट मिळते, मुलांची परीक्षा फीसुद्धा माफ होते. म्हणजे 48 की 52 या फरकावर एका गावाचे वर्ष अवलंबून असते. तिथे कोणी 'बॉलपार्क सांगा' म्हणून भागत नाही. अंदाजानंतर मोजावेच लागते.

स्वाध्याय

(अ) योग्य शब्द भरा : सुमारे, जवळजवळ, दहाएक.
1. माझी वही ______ संपली. एकच पान उरले आहे.
2. आजीने ______ लाडू पिशवीत भरले.
3. घरापासून शाळा ______ आठ किलोमीटर आहे.

(आ) 'नजरअंदाज' हा शब्द एकदा हिंदी वाक्यात आणि एकदा मराठी वाक्यात वापरा.

(इ) आजी-आजोबांना फोन करा. ते तांदूळ, मीठ, दूध अंदाजाने घेताना कोणते शब्द वापरतात ते विचारा. मूठ, चिमूट, ओंजळ... आणखी किती सापडतात? यादी वर्गात आणा.

पालकांसाठी : या आठवड्यात घरात 'बॉलपार्क' शब्द आला, की वरच्या यादीतला एक शब्द वापरून तेच वाक्य पुन्हा म्हणा. मुलांना टोकू नका. कानावर पडलेला शब्द पुढे तोंडी येतो.