तारेविना फोन चार्ज कसा होतो?

आमच्या अभ्यासिकेशेजारी एक आजी राहतात. त्यांचे हात थरथरतात. चार्जरची पिन लावता लावता फोनचे तोंड सैल झाले, फोन वरचेवर बंद पडू लागला आणि परगावच्या लेकीचा आवाज चार-चार दिवस कानी पडेना. तेव्हा नातवाने मेजावर ठेवावयाचा पॅड आणला. त्यावर फोन नुसता ठेवावयाचा, पिन नाही. मात्र फोनमध्येही तशी सोय असावी लागते. स्वस्त फोनांत ती बहुधा नसते. "तार नाही, मग वीज येते कुठून?" असे आजींनी विचारले. एक निकामी पॅड उघडून आम्ही मुलांना जे समजावले, तेच येथे मांडत आहोत.

मूळ तत्त्व जुने आहे. 1831 साली मायकेल फॅरडे यांनी दाखवून दिले की, बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तारेचे वेटोळे ठेवले तर त्यात वीज निर्माण होते. फॅरडे हे लोहाराचे पुत्र. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना ते बांधावयास आलेली पुस्तके वाचीत.

येथे 'बदलते' हा शब्द महत्त्वाचा. भिंतीवरचा ॲडाप्टर 230 व्होल्टचे 5 व्होल्ट करून एकाच दिशेचा प्रवाह देतो. तो तसाच वेटोळ्यात सोडला तर क्षेत्र स्थिर राहील व फोनला काहीच मिळणार नाही. म्हणून पॅडमध्ये चार ट्रान्झिस्टर जोडीजोडीने उघडझाप करून प्रवाहाची दिशा उलटसुलट करतात, तीही सेकंदाला एक लाखाहून अधिक वेळा. वेटोळ्याला जोडून एक कपॅसिटर असतो. झोक्याला नेमक्या क्षणी हात लावला की थोड्या जोरात झोका उंच जातो, तसे या जोडीचे आहे.

फोनच्या पाठीत दुसरे वेटोळे असते. त्यातील उलटसुलट प्रवाह रेक्टिफायर एका दिशेचा करतो, कपॅसिटर तो सपाट करतो आणि पुढील आयसी बॅटरीला सोसेल तेवढाच सोडतो. दोन्ही वेटोळ्यांमागे फेराइटचा पातळ थर असतो. क्षेत्र बॅटरीत किंवा इतर भागांत शिरू नये, यासाठी तो असतो.

खरी गंमत पुढे आहे. फोन आणि पॅड एकमेकांशी बोलतात! रिकामा पॅड सतत वीज सोडत नाही. वर काही ठेवले आहे काय, हे तो अधूनमधून चाचपतो. फोन असल्यास तो आपल्या वेटोळ्यावरील भार किंचित कमी-जास्त करतो. त्याचा धक्का पॅडच्या वेटोळ्यास जाणवतो आणि पॅडमधील मायक्रोकंट्रोलर तो वाचतो. 'आणखी दे', 'कमी कर', 'पुरे' असे हे निरोप असतात. कमी द्यावयाचे झाल्यास साधा पॅड उघडझापेचा वेग वाढवून झोक्याची लय चुकवतो. 'ची' या प्रमाणित पद्धतीत अशीच व्यवस्था आहे.

आपल्याला किती शक्ती पोहोचली, हेही फोन कळवतो. दिलेले व पोहोचलेले यांत फार तफावत आढळल्यास मध्ये धातू आहे असे समजून पॅड बंद झाला पाहिजे. आजींच्या घरी नेमके हेच झाले नाही. फोनच्या कव्हरात गाडीतील स्टँडसाठी चिकटवलेली पत्र्याची चकती होती. बदलत्या क्षेत्राने तिच्यात भोवरी प्रवाह फिरू लागले. नातवाने बोट लावताच चटका बसला. पॅड स्वस्तातला, बिननावाचा. त्यात ही तपासणी नसावी असे आमचे मत झाले. आम्ही चकती काढलीच, शिवाय तो पॅडही बदलावयास लावला.

तुम्हीही जुना पॅड उघडून पाहा, पण प्रथम तो ॲडाप्टरपासून वेगळा करा. ॲडाप्टर मात्र मुळीच उघडू नका. त्यातील कपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट असतात व बटण बंद केल्यानंतरही ते काही काळ टिकू शकतात.