‘एखादा प्रसंग सांगा’ म्हटलं की डोकं कोरं

प्रश्न : मी स्वमग्न आहे. मुलाखतीत ‘टीममधला वाद कसा मिटवलात?’ असं विचारलं की काहीच सुचत नाही. तयारी कशी करू?

उत्तर : ऐनवेळी आठवणी धुंडाळाव्या लागतात, तिथेच गाडी अडते. तो शोध घरीच उरकून टाका. जाहिरातीतली कौशल्यं बघा आणि पाच-सहा खरे प्रसंग लिहून काढा : काय घडलं, तुमच्यावर काय सोपवलं होतं, तुम्ही काय केलंत, निष्पन्न काय झालं. गणेश मंडळाचा न जुळणारा हिशेब तुम्ही पावत्या लावून जुळवला असेल, तर तोही चालेल. फक्त ‘आम्ही जुळवला’ म्हणू नका; मुलाखतकाराला तुमचा वाटा हवा असतो. नजर भिडवायचा अट्टहास सोडा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. तेव्हा प्रश्न आधी लेखी मिळतील का, टिपणं जवळ ठेवता येतील का, हे एचआरला बेधडक ईमेल करून विचारा.